बॉब मार्ली आणि किंग्स्टनचे स्टुडिओ : लिहिताना या चुका टाळा

निर्माता ली पेरी, म्हणजे स्टुडिओ ब्लॅक आर्क. हे समीकरण आधी डोक्यातून काढा.

रेगे गायक मार्ली आणि त्याचा गट वेलर्स यांची, पेरीनेच निर्मिलेली 'सोल रेबेल्स' ही एलपी १९७० ची. पेरीने घरामागच्या अंगणात ब्लॅक आर्क उभारला १९७३ मध्ये. मग ही गाणी तिथे कशी होतील? ती झाली जमैकाची राजधानी किंग्स्टनमध्ये, नॉर्थ परेडवर, रँडीज या रेकॉर्डच्या दुकानावरच्या स्टुडिओ १७ मध्ये.

याच एलपीच्या आमच्या एका श्रवणसत्राचं टिपण एका हुशार मुलाने लिहिलं होतं. 'ब्लॅक आर्कचा तो धुकट, घुमणारा आवाज' यावर दोन परिच्छेद. प्रती छापून आल्या, खुर्च्यांवर ठेवल्या गेल्या आणि तबकडी सुरू झाली. कोरडा ड्रम, मोकळा बास, गिटारचे तुटक ठोके, तीन गळे. घुमणारं काहीच नाही. लोक कागदाकडे बघत होते आणि मला त्या मुलाकडे बघवेना. दोन संध्याकाळी राबून लिहिलं होतं त्याने, पण एलपी एकदाही पूर्ण ऐकली नव्हती. घाई इथेच नडते.

माझ्या वहीत डाव्या पानावर स्टुडिओ सुरू झाल्याचं वर्ष असतं, उजव्या पानावर रेकॉर्डिंगचं. दोन्ही जुळल्याशिवाय मी स्टुडिओचं नाव लिहीत नाही. आणि हेडफोन लावून दोनदा ऐकतो.

मार्ली आणि वेलर्सची 'कॅच अ फायर' ही एलपी (१९७३) पूर्णपणे किंग्स्टनची म्हणू नका. मूळ टेप तिथल्या. पण लंडनमध्ये त्यांवर वेन पर्किन्सची गिटार आणि रॅबिट बंड्रिकचे कीबोर्ड चढले. 'काँक्रीट जंगल'मधल्या ज्या सोलोला लोक 'अस्सल जमैकन' म्हणतात, तो या अमेरिकन पर्किन्सचा.

मार्लीच्या 'नो वुमन, नो क्राय' या गाण्याचं छापील श्रेय त्याचा मित्र व्हिन्सेंट फोर्ड याचं आहे. तेच द्या.

'एक्झोडस' या एलपीचा बराचसा भाग लंडनचा; डिसेंबर १९७६ मध्ये स्वतःवर झालेल्या गोळीबारानंतर मार्लीने जमैका सोडलं होतं.

किंग टबी या किंग्स्टनच्या ध्वनी-अभियंत्याकडे अख्खा बँड वाजवायला जागाच नव्हती. बाहेर वाजवलेल्या टेप वॉटरहाउस भागातल्या त्याच्या घरी यायच्या, गायक बाथरूममध्ये उभा राहून गायचा आणि टबी मिक्सरवर बसायचा. म्हणून डबच्या, म्हणजे आधीच्या रेकॉर्डिंगला मिक्सरवर नवं रूप दिलेल्या संगीताच्या तबकडीवर त्याचं नाव दिसलं, तरी ड्रम आणि बास कुठे वाजले ते वेगळं शोधा.