अंग बाहेर येतंय? सर्जनकडे नेण्याआधीची तयारी

आधार, जुनी फाइल, गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड हे घ्यालच. राहतो तो फोटो. शौचाला जोर दिल्यावर गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, गुदद्वारातून बाहेर येतो तेव्हाच, आत ढकलण्याआधी, उजेडात जवळून काढलेला. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नंबर लागेपर्यंत सगळं आत गेलेलं असतं. टेबलावर कुशीला झोपवून तपासलं की काही दिसत नाही, आणि मूळव्याधीचं मलम घेऊन घरी परतावं लागतं. एकात एक गोल वळ्या दिसल्या तर आतड्याची पूर्ण भिंत बाहेर आलेली असते. घड्या मधून बाहेर किरणांसारख्या गेल्या असतील तर मूळव्याध किंवा नुसतं आतड्याचं आतलं अस्तर बाहेर आलेलं. उपचार इथेच बदलतो, म्हणून फोटो. आजी लाजणार. कारण सांगा, तिच्या संमतीनंच काढा, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चुकूनही जाऊ देऊ नका. नाहीच जमलं तर डॉक्टरांना सांगा, 'संडासात बसवून, जोर द्यायला लावून बघा.'

कागदावर लिहा: किती महिने झाले, आपोआप आत जातं की हातानं ढकलावं लागतं, मल किंवा चिकट स्राव गळतो का, दिवसाला पॅड किती. गर्भपिशवीही खाली येते का, हे बाईला वेगळं विचारा. दोन्ही एकत्र असू शकतं. गोळ्यांची पाकिटंच न्या. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःहून थांबवू नका.

बाहेर आलेलं आत ढकलायला घरी हातमोजे आणि वंगणाची जेली ठेवा. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवायचं, तळव्यानं हलका सलग दाब द्यायचा. सूज असेल तर साधी साखर पसरून पंधरा-वीस मिनिटं थांबा, पाणी ओढलं जाऊन सूज उतरते. आत जातच नाही, रंग काळा-निळा झाला, असह्य दुखतंय, तर साखर-बिखर राहू दे. १०८ लावा. तिथेही फोटो दाखवा, पण फोटोसाठी थांबू नका.

नुसत्या पेजेवर पोट साफ होणार नाही. तांबडी भाजी, अळसांदे, फळं, आणि रात्री ग्लासभर पाण्यात एक-दोन चमचे इसबगोल. कमोडवर पायाखाली ठेंगणं स्टूल. मोबाइल घेऊन अर्धा तास बसणं बंद. लहान मुलांत बहुतेकदा एवढ्यानंच भागतं, सोबत जंत-जुलाबाचा इलाज. मोठ्यांत पूर्ण भिंत बाहेर येत असेल तर व्यायामानं ती जागेवर बसत नाही.

ऑपरेशनआधी बहुधा कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची तपासणी. ऑपरेशनात पोटातून दुर्बिणीनं गुदाशय माकडहाडाच्या वरच्या हाडाला अडकवतात, बरेचदा जाळी लावून. परत येण्याचं प्रमाण कमी, पण पूर्ण भूल लागते. अशक्त म्हाताऱ्या माणसाचं ऑपरेशन खालून, गुदद्वाराच्या बाजूनंच करतात, ते परत येण्याची शक्यता जास्त. गळती सुधारायला महिने जातात, कधी पूर्ण थांबतही नाही. आधीच विचारून घ्या. नंतर साधारण सहा आठवडे सिलिंडर, कळशी, नातवंड, काही उचलायचं नाही. इसबगोल चालूच.