छोट्या रीफ टँकचं पाणी कसं सांभाळायचं: ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमधली पद्धत

दोन फुटी रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावायचा ठरला की दुकानात पहिला प्रश्न येतो, फिल्टर कुठला देऊ? तो प्रश्न नंतरचा. छोट्या टँकमध्ये जे बिघडतं ते बहुतेक वेळा आपणच बादलीने आत ओततो, मग फिल्टर बिचारा काय करणार. म्हणून मी पाण्यापासून सुरुवात करतो. हिशोबासाठी टँक ६० बाय ४० बाय ४० सेंटीमीटर धरलाय, म्हणजे कागदावर ९६ लिटर आणि दगड-वाळू घातल्यावर खरं पाणी साधारण ८० लिटर.

स्टेप १: गोडं पाणी शून्यावर आणा

नळाचं पाणी, नवी मुंबईत मोरबे धरणाचं, आपल्याला प्यायला मस्त आहे, कोरलला नाही. क्लोरीन असतं, आणि ठाण्यात घोडबंदर साईडला सोसायटीच्या टाकीत टँकर नाहीतर बोअरवेलचं पाणी मिसळलं जात असेल तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) आज एक उद्या एक. "आमच्याकडे आरओ आहे की" असं बरेच जण म्हणतात. एकदा टीडीएस मीटर बुडवून बघा, ३०, ५०, ८० असं काहीही येईल, कारण घरगुती आरओमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. आरओवाल्या माणसाला सांगून मेम्ब्रेननंतर लगेच एक वेगळी नळी काढून घ्या आणि तिला डीआय रेझिनचं, म्हणजे उरलेसुरले क्षार ओढून घेणारं, कार्ट्रिज जोडा. मीटरवर ० आलं पाहिजे. २-३ दिसायला लागलं की रेझिन बदलायचं. पाणी साठवायला फूड ग्रेड प्लास्टिकचा ड्रम, तांब्याचं भांडं चुकूनही नको, तांबं गोगलगाई, श्रिंप आणि कोरल तिघांनाही मारतं.

आणि कुणीतरी हमखास सांगणार, खाडी बाजूलाच आहे, आणा दोन कॅन भरून. ठाणे खाडीत सांडपाणी येतं, कारखान्यांचं पाणी येतं, पावसाळ्यात खारटपणा धाडकन खाली जातो. फ्लेमिंगोंना चालतं, आपल्याला नाही.

स्टेप २: मीठ

किराणा दुकानातलं खडेमीठ नको, ते जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईड, त्यात कोरलला लागणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम नसल्यात जमा. रीफ सॉल्टच घ्या. १० लिटरला साधारण ३६० ते ४०० ग्रॅम लागतं, ब्रँडप्रमाणे थोडं कमी-जास्त. आधी पाणी, मग पंप चालू ठेवून हळूहळू मीठ, उलटं केलंत तर कॅल्शियम पांढऱ्या साक्यासारखं तळाला बसतं. रात्रभर फिरू द्या. सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मीठ, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५-१.०२६. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन सोल्युशनवर सेट करा, नुसत्या आरओ पाण्यावर शून्य दाखवला म्हणजे ३५ ला बरोबर असेल असं नसतं.

स्टेप ३: दगड आणि सायकल

खरा फिल्टर म्हणजे दगड, पाणी साफ करणारे बॅक्टेरिया त्यातच राहतात. ८-१० किलो ड्राय रॉक (कोरडा सच्छिद्र दगड) पुरे. समुद्रातून काढलेला "लाईव्ह रॉक" कुणी गपचूप देत असेल तर घेऊ नका, रीफ बांधणारे कोरल वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. ते विकत घेणारा पण अडकतो, कोरल घेताना कागदपत्रं मागायला लाजू नका.

दगड, वाळू, पाणी घातलं की बाटलीतले बॅक्टेरिया टाका आणि अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाखात दोन भाग) न्या. बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राईट करतात, नायट्राईटचं नायट्रेट. हे बसायला बहुतेक वेळा ४ ते ६ आठवडे जातात, तोपर्यंत लाईट बंद आणि मासा एकही नाही. २ पीपीएम अमोनिया टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य आले की सायकल झाली.

स्टेप ४: बाकीची मशिनरी

एक वेव्हमेकर, म्हणजे टँकमधलं पाणी फिरवत ठेवणारा पंप, तासाला २००० ते ३००० लिटरचा, दगडामागे घाण साचणार नाही असा तिरका लावा. काचेवर टांगायच्या हँग-ऑन फिल्टरमध्ये पांढरा फ्लॉस (कापसासारखा गाळणीचा थर), तो दर २-३ दिवसांनी बदला, धुवून वापरत बसू नका. कार्बनची एक छोटी पिशवी, महिन्याला नवीन. कॅनिस्टर फिल्टरच्या (टँकबाहेर ठेवायचा बंद डबा) मी विरोधात आहे, वाईट असतो म्हणून नाही, तर तो कपाटात बंद असतो म्हणून, कुणी वेळेवर उघडत नाही आणि आतला गाळ सडून नायट्रेट वाढत राहतं. प्रोटीन स्किमर, म्हणजे बुडबुड्यांनी पाण्यातली घाण फेसात ओढून काढणारं यंत्र, या साईझला सक्तीचा नाही, पण मासे दोनापेक्षा जास्त असतील तर घ्याच. नवीन स्किमर पहिले काही दिवस नुसते बुडबुडे काढतो, मग कपात कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी जमायला लागतं, वास असा की घरचे विचारतील काय मेलंय. तेवढी घाण टँकमधून बाहेर आली समजा.

स्टेप ५: रोजचं टॉप-अप, इथेच बहुतेकांचा टँक जातो

पाणी उडतं, मीठ उडत नाही. ८० लिटरमधलं ४ लिटर उडालं तर ३५ चं जवळपास ३७ पीपीटी होतं, आणि मे महिन्यात पंखा लावलेला असेल तर हे ३-४ दिवसांत होतं. म्हणून टॉप-अप नेहमी गोड्या शून्य टीडीएस पाण्याने, मिठाच्या पाण्याने कधीच नाही, आणि रोज. काचेवर मार्करने रेघ मारा, रोज सकाळी रेघेपर्यंत भरा. बजेट असेल तर चिलरच्या (पाणी थंड करणारं यंत्र) आधी ऑटो टॉप-ऑफ (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारं यंत्र) घ्या असं माझं स्पष्ट मत आहे.

तापमान २५-२६ ठेवायचं. पंखा पाण्यावरून वारा मारतो तेव्हा २-३ डिग्री खाली येतं, पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतच एवढा दमटपणा असतो की पाणी उडत नाही आणि पंखा नुसता फिरतो. तेव्हा एसी नाहीतर चिलर. एसी लावून खिडक्या दिवसभर बंद ठेवल्या तर खोलीत कार्बन डायऑक्साईड वाढून पीएच ७.८ पर्यंत उतरतो, लगेच बफर (पीएच वाढवायची पावडर) ओतू नका, आधी खिडकी उघडून बघा.

स्टेप ६: आठवड्याचं काम

रविवारी ८ लिटर पाणी बदला, म्हणजे साधारण ३०० ग्रॅम मीठ, शनिवारी रात्रीच भिजत घालायचं. त्याआधी टेस्ट: नायट्रेट २ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, हे सगळं पीपीएममध्ये, आणि अल्कलिनिटी ८-९ डीकेएच (तिचं स्वतःचं एकक). अल्कलिनिटीचा आकडा आठला आहे की नऊला याने फरक पडत नाही, रोज खालीवर नाचला तर पडतो. एपीआय कंपनीचा नायट्रेट किट असेल तर दुसरी बाटली ३० सेकंद जोरात हलवा, तळाशी पावडर बसते, न हलवता टाकली तर रीडिंग खोटं कमी येतं आणि आपण खुश.

नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही ० आले तर पण खुश व्हायचं नाही. असल्या उपाशी पाण्यात डायनो नावाचं तपकिरी, बुडबुडेवालं, शेंबडासारखं प्रकरण वाळूवर पसरतं. अशा वेळी फॉस्फेट रिमूव्हर काढून टाका, खाणं थोडं वाढवा.

शेवटची दोन कामं, फिल्टरच्या बाहेरची

महावितरणचा शटडाऊन असतोच, तर बॅटरीवर चालणारा एक एअर पंप चार्ज करून ठेवा, गरम खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी असतो. आणि डासांसाठी महापालिकेची धूर फवारणी सोसायटीत आली की खिडक्या बंद, स्किमर बंद, एअर पंप बंद, टँकवर ओला कपडा. वेव्हमेकर चालू राहू द्या. त्या औषधात पायरेथ्रॉईड असू शकतं, स्किमर खोलीतली हवा खेचून ती थेट पाण्यात मिसळतो आणि श्रिंप सगळ्यात आधी जातात. घरातल्या मच्छर लिक्विडला आणि पेस्ट कंट्रोलला पण हाच नियम. वास पूर्ण गेला की नवा कार्बन टाकून मग सगळं परत चालू करा.