हरवलेल्या आळीचा इतिहास कसा लिहावा

आख्ख्या पेठेचा इतिहास लिहायला बसू नका. एक आळी घ्या, एक बोळ घ्या, फार तर एकाच हौदावर पाणी भरणारी घरं घ्या.

आधी कागद. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटिअरचा अठरावा खंड काढा, त्याच्या तिसऱ्या भागात शहराच्या पेठा आहेत. पेठांची जुनी नावं पाठ करा: शुक्रवार म्हणजे विसापूर, गुरुवार म्हणजे वेताळ पेठ, रास्ता पेठ म्हणजे शिवपुरी. जुन्या कागदात आजचंच नाव शोधत बसलात तर हाती काही लागत नाही. मग भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पुणे पुराभिलेखागार. हे जुने कागद मोडी लिपीत असतात; ती येत नसेल तर शिका, दुसरा मार्ग नाही. त्यांवर वर्ष सुहूर सनात, म्हणजे जुन्या कालगणनेत, दिसलं तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो.

नगर भूमापन कार्यालयातून त्या जागांच्या मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. जुन्या पत्त्यातला घरनंबर आणि आजचा सिटी सर्व्हे नंबर एकच असेल असं धरून चालू नका.

इथवर चिकाटी पुरते. खरी परीक्षा पुढे, माणसांशी बोलताना.

‘ज्येष्ठांच्या मुलाखती घ्या’ असं जो तो सांगतो. कशा घ्यायच्या, ते कोणी सांगत नाही. मी पहिली काही वर्षं दिवाणखान्यात बसून ‘पूर्वी इथं कसं होतं हो?’ असं विचारत राहिलो. सगळीकडे एकच उत्तर मिळालं: फार छान होतं, कोणाच्या दाराला कडी नसायची. वह्या भरल्या, पण त्यातून एका घराची जागा ठरेना.

आता मी आजोबा-आजींना शक्य असेल तर जागेवरच घेऊन जातो. चालवत नसेल तर रिक्षाने. आणि साधं विचारतो: पाणी कुठून भरायचात? घरात नळ कधी आला? संडास कुठे होता? दळण कुठे टाकायचात? गणपती विसर्जनाला आळीच्या कोणत्या तोंडाने बाहेर पडायचा? नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेलं पाणी शहरभर हौदांत येत होतं, आणि कोणतं घर कोणत्या हौदावर जातं यावरून शेजार ठरायचा. एका हौदाचं उत्तर चार जणांकडून जुळलं की आळीची हद्द आपोआप उभी राहते. बायकांना आधी विचारा. पुरुष सांगतात ते गणपती मंडळाच्या देखाव्यांचं, पाण्याचं आणि मोरीचं बायकांना माहीत असतं. मालकांइतकंच मागच्या चाळीतल्या भाडेकरूंनाही विचारा. वाड्याच्या दर्शनी चौकाचं वर्णन सगळेच करतात, मागच्या दोन खोल्यांत कोण राहायचं हे बहुतेक लेखांत सापडतच नाही.

आता सगळ्यात मोठा धोका. नदीकाठच्या पेठांत कोणालाही विचारा, ‘ते सगळं पुरात गेलं.’ १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला ही धरणं फुटली, मातीचे वाडे बसले, माणसं उघड्यावर आली, हे खरंच. पण म्हणून नाहीसं झालेलं प्रत्येक घर पानशेतच्या खात्यावर टाकू नका. मी टाकलं होतं. एक आळी पुरात वाहून गेली असं छापून मोकळा झालो, आणि महिन्याभरात एका बाईंनी त्याच आळीतल्या चौकातला मुंजीचा फोटो आणून दाखवला. फोटोच्या मागे तारीख होती, १९६६ सालची. मग मिळकत पत्रिकेवरच्या फेरफार नोंदी, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, नीट वाचल्या, ज्या मी आधीच वाचायला हव्या होत्या. वाडा पुरानंतर दुरुस्त झाला होता, त्यात माणसं राहत होती, पुढे वारसांच्या वाटण्या झाल्या, विक्री झाली आणि मग अपार्टमेंट आलं. ज्यांनी ते घर विकलं, त्यांनाही आता ते पुरातच गेल्यासारखं वाटत होतं. ती माणसं खोटं बोलत नव्हती. त्या एका दिवसाचा धक्काच इतका मोठा होता की आधीचं आणि नंतरचं सगळं नुकसान त्याला जाऊन चिकटलं.

तेव्हापासून ‘पुरात गेलं’ ऐकलं की मी विचारतो, ‘त्यानंतर त्या घरात दिवाळी झाली का? कोणाचं लग्न, कोणाचं बाळंतपण?’ घरातल्या कार्यांवरून वर्ष निघतं आणि ते मिळकत पत्रिकेशी ताडून बघता येतं. दोन्ही जुळत नाहीत तोवर मी वर्ष लिहीत नाही. देवळांचीही खात्री करून घ्या, कारण रस्ता रुंद करताना मारुती मागे सरकतो आणि लोक नव्या जागेवरून जुनं अंतर सांगत राहतात.

लेखन सोपं आहे. आठवणी जशा सांगितल्या तशा लिहा, सांगणाऱ्याचे शब्द बदलू नका; वर्ष आणि जागा मात्र ताडलेलीच द्या.

नकाशा काढताना जागा पक्की असेल तिथेच ठिपका द्या, नाहीतर तुटक रेषेने वर्तुळ काढा. छापण्याआधी कच्चा मजकूर ज्यांनी सांगितला त्यांच्यापुढे मोठ्याने वाचा. ‘अहो, हौद डाव्या हाताला नव्हता’ असं कोणीतरी म्हणेलच. तेव्हा पेन्सिल हातात असू द्या.