एसटीएमने टोपोलॉजिकल इन्सुलेटरवरील स्पिन कसा तपासावा

एसटीएम, म्हणजे स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप, अतिसूक्ष्म सुई पृष्ठभागाजवळून फिरवून त्याचा अणुपातळीवरचा नकाशा काढतो. टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणजे आतून विद्युतरोधक, पण पृष्ठभागावर वाहक असलेला पदार्थ. अशा बिस्मथ टेल्युराइडसारख्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याचा अंगभूत चुंबकीय कल) त्याच्या संवेगाशी, म्हणजे जाण्याच्या दिशेशी, जखडलेला असतो, हे वाचून अनेक जण थेट चुंबकीय सुईच बसवतात. ती घाई करू नये. विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे स्पिनही विरुद्ध असल्यामुळे, पृष्ठभागातून विद्युतप्रवाह वाहत नसताना त्यांची बेरीज शून्य होते आणि चुंबकीय अशुद्धी नसलेल्या पृष्ठभागावर त्या सुईला दाखवण्याजोगे काही उरत नाही. सुरुवात टंगस्टनच्या साध्या सुईनेच करावी.

स्फटिकावर एपॉक्सीने लहानशी दांडी चिकटवावी. अतिनिर्वात कक्षात ती ढकलून पाडली की वरचे थर निघून ताजा पृष्ठभाग उघडा पडतो. कोकणात आषाढ-श्रावणात एपॉक्सी हवेतला दमटपणा शोषते आणि तोच पुढे निर्वात बिघडवतो. म्हणून ती भट्टीत पूर्ण पक्की करून नमुना सिलिका जेलच्या बंद डब्यात ठेवावा. कक्ष उघडणे भागच पडले, तर आत कोरडा नायट्रोजन भरून मगच उघडावा. पहिल्या प्रतिमेत सुमारे 1 नॅनोमीटर उंचीच्या पायऱ्या दिसल्या, म्हणजे स्फटिक पाच अणुथरांच्या गठ्ठ्यांमध्ये नीट सुटला आहे.

यानंतर सुमारे 4 केल्विन तापमानाला, वेगवेगळ्या ऊर्जांवर, निदान 100 नॅनोमीटर रुंद क्षेत्राचा वाहकता-नकाशा (सुई व पृष्ठभाग यांच्यातील प्रवाह जागोजागी किती सहज वाहतो याचा नकाशा) घ्यावा. क्षेत्र लहान असेल, तर फूरिये रूपांतरात (नकाशातील वेगवेगळ्या तरंगलांबी वेगळ्या काढणाऱ्या गणितात) बारकावे सुटे होत नाहीत. नकाशाला कित्येक तास लागतात, त्यामुळे वीज ये-जा करणाऱ्या वादळी रात्री तो लावूच नये. साध्या धातूत अशुद्धीवर आदळून माघारी फिरलेल्या इलेक्ट्रॉन-लाटांचे तरंग उमटतात, पण येथे माघारी फिरायचे तर स्पिन उलटावा लागतो आणि अचुंबकीय अशुद्धी तो उलटवत नाही, त्यामुळे नेमके तेच तरंग गायब असतात. बिस्मथ-अँटिमनीच्या मिश्रधातूवर हे 2009 मध्ये दिसून आले. अर्थात, बोथट सुईलाही तरंग दिसत नाहीत. म्हणून त्याच सुईने तांब्याचा (111) पृष्ठभाग, म्हणजे त्याच्या स्फटिकाचा एक ठरावीक छेद, तपासावा. तेथे सुमारे दीड नॅनोमीटर अंतराचे तरंग स्पष्ट उमटले, तरच मूळ नकाशातील अभावाला पुरावा मानावे.

चुंबकीय सुई यानंतर, नमुन्यातून प्रवाह सोडून वापरावी. प्रवाहाची दिशा उलटवली की साध्या रोधामुळे पडणारे व्होल्टेजही उलटते, त्यामुळे तेवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही. सुईचे चुंबकन उलटवल्यावर जो भाग बदलतो, तोच स्पिनचा. क्रोमियमच्या लेपाची सुई भोवती जवळजवळ चुंबकीय क्षेत्र पसरवत नाही, पण तिचे चुंबकन उलटवणे कठीण असते. लोखंडाच्या लेपाची सहज उलटते. मात्र तिच्या क्षेत्राचा पृष्ठभागावर होणारा परिणाम वेगळा मोजून घ्यावा.