उन्हातली निळी चित्रं: मुलांना बोलावण्याआधीची तयारी

सायनोटाइप म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर उन्हानं उमटवलेलं आणि पाण्यात धुतल्यावर निळं होणारं चित्र. त्याचा कागद अगदी शेवटी बाहेर काढायचा, बाकी सगळं त्याआधी हाताशी हवं.

पानं आदल्या दिवशीच मुलांकडून गोळा करून घ्या. पातळ आणि नक्षीदार पानं चांगली: नेचा, गुलमोहर, शेवगा, कोथिंबिरीची काडी. पिंपळाचं जाळी पडलेलं पान मिळालं तर सोन्याहून पिवळं, त्याची शीर न् शीर उमटते. जाड पानं, फुगीर फुलं नकोत. ती कागदाला टेकत नाहीत, कडेनं ऊन शिरतं आणि आकार धूसर होतो. सगळं रद्दीत घालून रात्रभर जड पुस्तकांखाली दाबा. ओलसर पान ठेवलं तर कागदावर डाग पडतो.

कागद शक्यतो तयार घ्या. घरी करायचा असेल तर फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइडचं द्रावण मोठ्यांनीच, हातमोजे घालून, पिवळ्या बल्बच्या मंद उजेडात लावावं आणि कागद अंधारातच वाळवावा. मग काळ्या पिशवीत ठेवा.

दिवस पावसाळ्याबाहेरचा, निरभ्र; वेळ अकरा ते दोन. पुठ्ठा, फोटोफ्रेमची काच (कडांना चिकटपट्टी लावून), चिमटे, घड्याळ, वाळत घालायला दोरी. पाण्याचे दोन टब सावलीत भरून ठेवा. साबण लागलेला टब नको, अल्कलीनं निळा रंग उडतो. बोअरचं जड पाणी असेल तर लिंबाचे चार थेंब पिळा.

रचना मात्र घरातच, साध्या कागदावर करू द्या आणि इथे घाई करू नका. १८४३ मध्ये इंग्लिश वनस्पतिअभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रशेवाळं अशीच कागदावर ठेवून त्यांच्या निळ्या छायाचित्रांचं पुस्तक काढायला सुरुवात केली, हे सांगायला हीच वेळ. मुलांना ते फार आवडतं. सायनोटाइपचा कागद आला की मागे पेन्सिलीनं नाव लिहून, सावलीतच पानं तशीच त्यावर मांडून वर काच ठेवा आणि मग उन्हात न्या.

त्याच कागदाच्या एका पट्टीवर आधी ऊन तपासा. तयार कागद साधारण दोन ते पाच मिनिटांत फिका पडतो. घरचा पिवळट-हिरव्याचा करडा व्हायला पंधरा मिनिटंही लागतात. रंगावर नजर ठेवायचं काम मुलांचं. मग पानं काढून कागद टबात धुवायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

दर मुलामागे निदान तीन कागद धरा. पहिलं चित्र पाण्यात निळं होताना पाहिलं की दुसरं लगेच हवं असतं.