प्रत्यारोपित हृदयाचे क्यूटी अंतर दिवसभरात कसे तपासावे

प्रत्यारोपणात हृदयाकडे येणारे मज्जातंतू कापले जातात, त्यामुळे विश्रांतीतही ठोके बहुधा मिनिटाला 90 ते 110 राहतात आणि रात्री ते फारसे उतरत नाहीत. म्हणून 24 तासांचे होल्टर (अंगावर लावलेल्या यंत्राने सतत घेतलेला ईसीजी) वाचताना पहाटे, दुपारी व गाढ झोपेत, ठोके स्थिर असतानाचे काही मिनिटांचे तुकडे निवडावेत. प्रत्येकात क्यूटी, म्हणजे क्यूआरएसच्या (हृदयाचे खालचे कप्पे उद्दीपित होण्याची खूण) सुरुवातीपासून टी लहरीच्या (ते पूर्ववत होण्याची खूण) शेवटापर्यंतचे अंतर, एकाच लीडमध्ये (ईसीजीच्या एकाच जोडणीत) मोजावे.

जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या मूळ अलिंदाचा (हृदयाच्या वरच्या कप्प्याचा) उरलेला भाग स्वतःची पी लहर (त्या कप्प्याची ईसीजीवरील खूण) काढत राहतो. ती टी लहरीवर चढली तर शेवट चुकतो, तेव्हा असा ठोका निःसंकोच वगळावा.

ठोक्यांच्या वेगानुसार क्यूटीची दुरुस्ती करताना सूत्र जपून निवडावे. क्यूटी 360 मिलिसेकंद आणि दोन ठोक्यांमधील अंतर 0.64 सेकंद असेल, तर क्यूटीला त्या अंतराच्या वर्गमुळाने भागणाऱ्या बॅझेटच्या सूत्राने 450, घनमुळाने भागणाऱ्या फ्रिडेरिशियाच्या सूत्राने मात्र सुमारे 418 मिलिसेकंद येतात. जलद ठोक्यांत बॅझेट आकडा फुगवतो, म्हणून येथे मी फ्रिडेरिशियालाच पसंती देतो. टॅक्रोलिमससारखी (शरीराने नवे हृदय नाकारू नये म्हणून दिली जाणारी) औषधे क्यूटी लांबवू शकतात, त्यामुळे डोसची वेळ प्रत्येक मोजमापाशेजारी लिहावी.