उंबराखाली बसून फळखाऊ पाखरं कशी पाहावीत

सुरुवात झाडापासून करा, पाखरापासून नको. वावराच्या धुऱ्यावर किंवा नाल्याकाठी फळांनी लगडलेला उंबर, वड नाहीतर पिंपळ शोधा. उंबर सगळ्यात सोयीचा. तो वर्षातून अनेकदा फळतो आणि फळं खोडाला, जाड फांद्यांना घोसानं लागतात, त्यामुळे पाखरू जेवताना उघड्यावर दिसतं.

उजाडायच्या आत पोहोचा. उन्हाळ्यात आपल्याकडे नऊ वाजले की सगळी पाखरं सावली धरतात. सूर्य पाठीशी ठेवून वीस-पंचवीस पावलांवर बसा आणि आधी नुसतं ऐका. 'टुक-टुक-टुक' असा एकसुरी ठोका आला की तांबट. वरून फळं टपटपताहेत, पण कोणी दिसत नाही, तर बहुधा हरियाल. आपला हा राज्यपक्षी पानांत असा मिसळतो की चार दिसतात आणि वीस उडतात. पिवळे पाय शोधा.

मग चोचीकडे लक्ष द्या. पोपट फळ पंजात धरून कुरतडतो आणि अर्धं टाकून देतो. धनेशाची जीभ आखूड. तो चोचीच्या टोकात उंबर धरतो, मान झटकतो आणि फळ थेट घशात उडवतो. हे एकदा पाहिलं की तासभर नजर हटत नाही. मार्च ते जूनमध्ये नर घसा भरून पुन्हा पुन्हा एकाच दिशेला जात असेल, तर तिकडे झाडाच्या ढोलीचं तोंड लिंपून आत अंडी-पिल्लांवर बसलेली मादी असणार. त्याच्या मागे मुळीच जाऊ नका.

झाडाखाली जुनं पांढरं धोतर अंथरा. तासाभरानं त्यावर पडलेली विष्ठा काडीनं वाटीभर पाण्यात कालवा. तांबट, बुलबुलाच्या विष्ठेत खसखशीएवढ्या बिया अख्ख्या निघतात. हरियालाच्या विष्ठेत फार कमी, कारण त्याची पोटातली पेषणी बिया जात्यासारखी दळते. विहिरीच्या कठड्यात पिंपळ उगवतो तो अशाच अख्ख्या बियांतून.

घरी खाऊ ठेवायचा तर पिकलेली पपई, पेरू, केळं उंचावर ठेवा. मीठ-तेलाचं काही नको, उरलेलं संध्याकाळी उचला. पण माझ्या मते धुऱ्यावरचं झाड राखणं त्याहून मोलाचं. सावलीनं पीक बसत असेल तर खालच्या फांद्या छाटा, खोडाला हात लावू नका.